जेलमध्ये जाताना आणि सुटताना घराचं काय? महाराष्ट्रातल्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

मुलाकातीच्या रांगेत किंवा कोर्टाच्या व्हरांड्यात लोक आधी केसचं विचारतात, तारीख कधी, वकील बरा आहे का, जामीन होईल का. घराचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि तेव्हा बऱ्याचदा मालकाने कुलूप बदललेलं असतं. म्हणून हे सगळे प्रश्न इथे एकत्र लिहिलेत. कायद्याची कलमं जिथे खरंच उपयोगी पडतात तिथेच दिलीत, बाकी सरळ काय करायचं ते.

अटक आत्ताच झालीय, डोकं चालत नाहीये, घराचा विचार आत्ताच कशाला?

कारण पुढच्या जवळपास प्रत्येक टप्प्यावर पत्ता लागतो. जामिनाला पत्ता लागतो, फरलो-पॅरोलला म्हणजे शिक्षा भोगताना मिळणाऱ्या रजेला पोलीस पत्त्यावर जाऊन चौकशी करतात, आणि १९५८ च्या परिविक्षा म्हणजे प्रोबेशनच्या कायद्याखाली चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडायचं असेल तर आरोपीचं किंवा जामीनदाराचं ठरलेलं राहण्याचं ठिकाण किंवा नेहमीचा कामधंदा आहे का हे कोर्ट बघतं. घर गेलं की माणूस आत जास्त दिवस राहतो, असं सरळ गणित आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात वकिलाच्या मागे पळता पळता घरातल्या एका माणसाने फक्त घराचं काम अंगावर घ्यावं. भाडं कोण भरणार, लाईट बिल कोण भरणार, अ‍ॅग्रीमेंट कधी संपतं, कर्जाचा हप्ता कुठल्या खात्यातून कटतो, एवढं एका वहीत लिहून काढलं तरी खूप काम होतं.

घराची किल्ली त्याच्या खिशात होती, ती पोलिसांकडे गेली, आता घरात जायचं कसं?

हे ऐकायला छोटं वाटतं पण फार होतं. अटकेच्या वेळी अंगझडती पंचनामा करतात, त्यात पाकीट, मोबाईल, किल्ल्या, बेल्ट सगळं लिहिलेलं असतं. आधी त्या पंचनाम्याची कॉपी वकिलामार्फत घ्या आणि किल्लीची नोंद आहे का बघा. किल्ली पुरावा म्हणून जप्त नसेल तर तपास अधिकाऱ्याला साधा अर्ज द्या की घरात बायको-मुलं राहतात, किल्ली परत मिळावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर पोहोच म्हणजे शिक्का-सही घ्याच. नाही दिली तर कोर्टात अर्ज करता येतो. सामान जेलच्या गेटवर जमा झालं असेल तर तो आतून लेखी संमती देऊ शकतो की अमुक वस्तू माझ्या बायकोला द्या, त्यासाठी अधीक्षकांच्या नावाने अर्ज करायचा. आणि घर पोलिसांनी सील केलं असेल तर कुलूप तोडायच्या भानगडीत अजिबात पडू नका, ते वेगळं प्रकरण होऊन बसतं, कोर्टातूनच उघडून घ्या.

मालक म्हणतो तुमच्या घरात पोलीस आले, आठ दिवसात रूम खाली करा. तो असं करू शकतो का?

नुसतं तोंडाने सांगून नाही. अटक झाली म्हणजे भाड्याचा हक्क संपला असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आता तुमचं घर कुठल्या प्रकारात बसतं ते बघा. हल्ली बहुतेकांचं लीव्ह अँड लायसन्स असतं, ११ महिन्यांचं वगैरे, त्यात मुदत आणि नोटिशीची अट लिहिलेली असते, मालकाला त्याप्रमाणेच जावं लागतं. मुदत संपली आणि तुम्ही तरी राहिलात तर तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम अधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तिथे दुप्पट भाड्याच्या हिशोबाने भरपाई मागली जाते, म्हणून मुदत संपल्यावर ताणू नका, त्याआधीच बोला.

कागदच केला नसेल तर लोक घाबरतात की आपल्याकडे काहीच नाही. उलट आहे. त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मालकाला ही गोष्ट शांतपणे सांगितली तरी बऱ्याचदा आवाज खाली येतो. भाडं रोख देत असाल तर आजपासून यूपीआयने किंवा बँकेतून द्या आणि मेसेजमध्ये महिना लिहा, हाच पुढे पुरावा.

पाणी-लाईट तोडून त्रास दिला तर कलम २९ खाली तेही बेकायदेशीर आहे. आणि कुलूप बदलून बाहेर काढलंच तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्या, फोटो काढा, आणि विशिष्ट मदत कायदा १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मिळवायचा दावा असतो तो ६ महिन्यांच्या आत टाकावा लागतो. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांच्या बाबतीत हे कलम लागू होतं का यावर समोरचा वकील वाद घालतो, त्यामुळे थांबून राहू नका, लगेच वकिलाला दाखवा.

अ‍ॅग्रीमेंट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे आणि दोन महिन्यात संपतंय, तो तर आत आहे.

नवीन अ‍ॅग्रीमेंट बायकोच्या, आईच्या किंवा मोठ्या मुलाच्या नावावर करा. हाच सगळ्यात सोपा मार्ग. ऑनलाईन रजिस्ट्रेशनला आधार आणि अंगठा लागतो, आत असलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणणार. जुन्या अ‍ॅग्रीमेंटचं डिपॉझिट नवीनमध्ये वळवलं असं एक वाक्य टाकून घ्या, नाहीतर नंतर मालक म्हणतो डिपॉझिट त्याने दिलं होतं, तो आला की त्यालाच देईन.

आमची पागडीची खोली आहे, बाबा आत आहेत, आम्ही गावी आलोय, खोली बंद आहे. चालेल का?

याकडे जास्त लक्ष द्या. जुन्या भाडेकरूच्या बाबतीत १९९९ च्या कायद्यात घर खाली करून घ्यायची जी कारणं दिलीत त्यात एक असं आहे की दावा टाकायच्या आधी सलग ६ महिने योग्य कारणाशिवाय घर वापरलंच नाही. आता जेलमध्ये असणं हे योग्य कारण आहे असं तुम्ही कोर्टात म्हणू शकता, पण मालक विचारणार की बाकीचे कुठे होते. चांगल्या जागेतली पागडीची खोली परत मिळवायला मालक टपलेलेच असतात आणि रिडेव्हलपमेंट जवळ आलं असेल तर जास्तच. म्हणून घरातलं कोणीतरी तिथे राहा, निदान येत-जात राहा, लाईट बिलावर युनिट दिसू द्या, भाड्याची पावती दर महिन्याला घ्या. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवा, परत आली तर ती परत आलेली पावती जपून ठेवा, उद्या थकबाकीचा दावा आला तर तीच दाखवायची असते. थकबाकीसाठी त्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं, त्या काळात पैसे भरले तर तो मुद्दा गळून पडतो.

आणखी एक. घराचा वापर बेकायदेशीर धंद्यासाठी केला म्हणून शिक्षा झाली तर तेही खाली करायचं कारण आहे. पण ती शिक्षा झाल्यावर, आणि ती त्या जागेच्या वापराबद्दल असेल तर. बाहेर झालेल्या मारामारीच्या केसचा खोलीशी संबंध नाही.

माणूस एकटाच राहत होता. घर ठेवावं की सोडून द्यावं?

इथे माझं स्पष्ट मत आहे. जामीन एक-दोन महिन्यात होण्यासारखा असेल तर ताणून ठेवा, मित्रांनी-भावांनी मिळून भाडं काढा. खून, एनडीपीएस (अमली पदार्थ), मोक्का (संघटित गुन्हेगारी) असलं काही असेल तर भावनेत न अडकता घर व्यवस्थित सोडा, कारण दहा महिन्यांचं भाडं थकवून डिपॉझिट घालवण्यात काही अर्थ नाही आणि वर सामानही अडकतं. सोडताना मालकाकडून लिहून घ्या की ताबा मिळाला, बाकी काही येणं नाही, डिपॉझिट इतकं परत दिलं. सामान हलवताना कागदांची पिशवी वेगळी काढा आणि ती एकाच माणसाकडे राहू द्या. आधार, पॅन, रेशन कार्ड, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेचं पासबुक. सुटून आलेल्या माणसाला कपडे नवीन घेता येतात, शाळेचा दाखला परत मिळवायला कितीतरी चकरा होतात.

आतून सही कशी मिळवायची? पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी होते का?

होते. वकीलपत्रावर आणि साध्या अर्जांवर जेल अधीक्षकांसमोर सही होऊन शिक्का मिळतो, ते नेहमीचं काम आहे. बँक, लाईट, सोसायटी असल्या कामांसाठी कुटुंबातल्या एकाच्या नावाने मर्यादित मुखत्यारपत्र करा, त्यात नेमकी कामं लिहा. बँकेला कुठला नमुना चालतो ते आधी विचारून घ्या, म्हणजे दोनदा चक्कर होत नाही.

घर विकायचं किंवा नोंदणीचा दस्त करायचा असेल तर प्रकरण वेगळं आहे, तिथे दुय्यम निबंधकाकडचं काम येतं. इथे लोकांना माहीतच नसतं की नोंदणी कायदा १९०८ मध्ये तुरुंगात असलेल्या माणसाला नोंदणी कार्यालयात हजर राहण्यापासून सूट आहे, कलम ३३ आणि ३८ बघा. अर्ज केल्यावर अधिकारी स्वतः जेलमध्ये जाऊन किंवा कमिशन नेमून त्याचा जबाब घेऊ शकतो. वेळ लागतो, पण होतं. त्यामुळे कोणी एजंट म्हणाला की सही मीच मारतो, कोणाला कळणार नाही, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा खोट्या सहीवर विकलेली घरं सुटल्यावर परत मिळवता मिळवता माणसाचं आयुष्य जातं.

आणि खरं मुखत्यारपत्रसुद्धा सगळे अधिकार देऊन करू नका. माणूस घाबरलेला असतो, मुलाकातीच्या जाळीतून दहा मिनिटं बोलणं होतं, त्यात कोणी कागद पुढे केला की सही करून मोकळा होतो. विक्रीचा अधिकार खरंच लागणार असेल तरच द्या.

होम लोनचे हप्ते थांबलेत.

बँकेला तुम्ही आधी सांगा, त्यांची माणसं घरी यायची वाट बघू नका. ९० दिवस थकलं की खातं एनपीए म्हणजे थकीत ठरतं, मग सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते, त्यानंतर ताब्याची कारवाई. नोटिशीला लेखी उत्तर द्या, ताब्याची कारवाई सुरू झाली तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. सहकर्जदार बायको असेल तर तिने शाखेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी. नोटिसा त्याच्या नावाने येतात म्हणून न उघडता ठेवणारी घरं मी बघितलीत, पाकिटं टीव्हीखाली साठलेली असतात. प्रत्येक पाकीट उघडा.

सोसायटीवाले म्हणतात फ्लॅट विकून जा, मेंबरशिप रद्द करू.

केस झाली म्हणून मेंबरशिप जात नाही. सभासदाला काढून टाकायची सहकार कायद्यात ठरलेली प्रक्रिया आहे, सर्वसाधारण सभा, म्हणणं मांडायची संधी, निबंधकाची मान्यता, वॉट्सअप ग्रुपवर ठराव करून होत नाही. मेंटेनन्स मात्र थकवू नका, तिथे त्यांना हातात कोलीत मिळतं. फ्लॅट भाड्याने देऊन घर चालवायचा विचार असेल तर द्या, बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि नुसता बंद ठेवलाय म्हणून ते लावता येत नाही.

झोपडपट्टीत सर्व्हे चालू आहे, एसआरएवाले (झोपडपट्टी पुनर्वसनवाले) आले तेव्हा तो आत होता.

लगेच धावा, ही वाट बघायची गोष्ट नाही. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत, नाव नसेल किंवा अपात्र दाखवलं असेल तर घराचा हक्कच जातो. झोपडीत कुटुंब राहतंय हे दाखवा, लाईट बिल, मतदार यादी, मुलांच्या शाळेचे कागद, आणि सोबत जेलकडून तो अमुक तारखेपासून दाखल आहे असा दाखला घ्या. हे सगळं लावून सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या, पोहोच घ्या. अपात्र ठरवलं तर अपील असतं आणि अपिलाला मुदत असते, ती निकालाच्या कागदावरून वकिलाकडून त्याच दिवशी समजून घ्या. दलालाला पैसे देऊन नाव घालायच्या नादाला लागू नका, असे पैसे बुडतात.

गुन्हा झाला म्हणून आमचं घर पाडतील का? व्हिडिओ बघून आई रोज रडते.

सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट सांगितलंय की कोणी आरोपी आहे किंवा दोषी आहे एवढ्यावरून त्याचं घर पाडता येणार नाही. बांधकाम अनधिकृत आहे असं म्हणायचं असेल तरी आधी नोटीस, उत्तराला किमान १५ दिवस, सुनावणी, कारणांसहित आदेश. रस्ता, फूटपाथ, रेल्वे लाईन, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही हेही लक्षात ठेवा. आईला सांगा की नोटीस दारावर चिकटवली तर फाडू नको, फोटो काढून त्याच दिवशी वकिलाला पाठव.

नवरा आत गेल्यावर सासरच्यांनी मला आणि मुलांना बाहेर काढलं.

ताई, घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा राहायचा हक्क आपोआप संपत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १७ मध्ये सामायिक घरात राहायचा हक्क आहे आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सामायिक घर असू शकतं, तुम्ही तिथे खरंच नांदत होतात का ते बघितलं जातं. मॅजिस्ट्रेटकडे कलम १९ खाली निवासाचा आदेश मागा. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा किंवा १८१ या महिला हेल्पलाईनला फोन करा. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अटच नाही.

आणि याच कायद्याची दुसरी बाजू, नवऱ्याच्या मारहाणीचीच केस असेल आणि तो सुटून येणार म्हणून भीती वाटत असेल तर त्याला त्या घरात येण्यापासून थांबवणारा आदेशही मिळतो. सुटून आलेल्या माणसाला घर मिळावं हे खरंच, पण ज्या बाईने मार खाल्लाय तिच्या छपराखाली नाही. अशा वेळी त्याच्यासाठी दुसरा पत्ता शोधायला बसा.

आईच आत गेली, मुलांचं काय?

६ वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत जेलमध्ये राहू शकतं. त्याहून मोठी मुलं मामा-मावशी-आजीकडे असतील तर बालकल्याण समितीसमोर जाऊन कागदावर घ्या, शाळा आणि दवाखान्यात त्याचा उपयोग होतो, आणि बालसंगोपन योजनेचा अर्जही तिथूनच सुरू करा. कोणीच नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा. भाड्याच्या खोलीत मुलांना एकटं ठेवून मोठी बहीण सगळं बघते असं कित्येक घरी चालतं, ती बहीण स्वतः १३-१४ वर्षांची असते. कृपा करून ते लपवू नका, मदत मागा.

जामीन मंजूर झाला पण जामीनदारच नाही, पत्ताही राहिला नाही. तो आतच बसून आहे.

असे खूप लोक आहेत आणि यावर उपाय आहेत. एक, कोर्टाला कॅश बेलची मुदत मागा, म्हणजे आत्ता पैसे भरून सुटायचं आणि काही आठवड्यात जामीनदार द्यायचा. दोन, रक्कम कमी करून किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायला अर्ज करा. तीन, ३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या सूचना वकिलाला दाखवा. त्यात आहे की जामीन होऊन ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (फुकट वकील देणारं सरकारी कार्यालय) सचिवांना कळवायचं, महिनाभरात बॉण्ड भरला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी बदलायचा विचार करू शकतं, आणि स्थानिकच जामीनदार पाहिजे या हट्टामुळे सुटका रखडत असेल तर ती अट कोर्टाने घालू नये असं सुचवलंय. मोतीराम नावाच्या गवंड्याच्या केसमध्ये १९७८ लाच सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं चुकीचं म्हटलं होतं, तरी आजही परराज्यातल्या मजुरांना हाच अनुभव येतो, म्हणून सारखं सांगावं लागतं.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजना २०२३ पासून आहे, सुरुवातीच्या नियमांत जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत होती, काही गंभीर कायद्यांखालच्या केसेस वगळून. आत्ताची मर्यादा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. हेल्पलाईन १५१००. कोठडीत असलेला कोणीही फुकट वकिलाला पात्र आहे.

कोर्टाने अट घातलीय की तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही. मग राहायचं कुठे?

दुसऱ्या ठिकाणच्या नातेवाईकाचा पत्ता द्या, त्याची लेखी संमती आणि आधारची कॉपी लावा. पत्ता नंतर बदलला तर कोर्टाला आणि हजेरीच्या पोलीस स्टेशनला आधी कळवा. न कळवता घर बदललं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, वॉरंट निघालं, पुन्हा आत, हा क्रम फार ठरलेला आहे. कामासाठी किंवा आजारी आईसाठी अट सैल करायचा अर्ज करता येतो. तडीपारीचा आदेश असेल तर तो महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ खाली असतो, जास्तीत जास्त २ वर्षं, आणि ३० दिवसांत शासनाकडे अपील. गुपचूप रात्री घरी येऊन झोपू नका, पकडलं तर त्याचा वेगळा गुन्हा लागतो.

फरलो किंवा पॅरोलसाठी पोलिसांचा रिपोर्ट खराब आला, पत्त्यावर कोणी नव्हतं म्हणे.

संचित रजा असो की अभिवचन रजा, १९५९ च्या नियमांप्रमाणे जामीनदार आणि पोलीस चौकशी दोन्ही लागतं. चौकशीला हवालदार दिवसा येतो आणि घरातले कामावर असतात. म्हणून अर्ज टाकला की स्टेशनला स्वतः जाऊन सांगा की आम्ही अमुक वेळेला घरी असतो, जामीनदाराला बोलवायचं असेल तर हा नंबर. शेजाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा, कारण त्यांनाही विचारतात. भाड्याचं घर असेल तर मालकाचं दोन ओळींचं पत्र फार कामाला येतं.

सुटायला दोन महिने आहेत. काय करून ठेवू?

आतूनच सुरुवात करा. जेलमधल्या वेल्फेअरच्या माणसाला, परिविक्षा अधिकाऱ्याला, भेटायला येणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्याला सरळ सांगा की मला बाहेर जागा नाही. लाज वाटते म्हणून लोक खोटं सांगतात की भाऊ न्यायला येणार आहे, आणि भावाने दोन वर्षांत मुलाकातसुद्धा घेतलेली नसते. मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून कैदी आणि सुटलेल्यांसोबत काम करतो. राज्याची मुक्तबंद्यांसाठी म्हणजे सुटलेल्या कैद्यांसाठी अर्थसहाय्याची योजना आहे, अर्ज परिविक्षा अधिकाऱ्यामार्फत. शिक्षा भोगत असाल आणि कुटुंबाला पैशाची अडचण असेल तर राज्य सहकारी बँकेची जिव्हाळा कर्ज योजना विचारा, येरवड्यात २०२२ मध्ये सुरू झाली, ५०,००० पर्यंत, ७ टक्के व्याजाने.

आणि गेटवर मिळणाऱ्या सगळ्या वस्तू यादीप्रमाणे मोजून घ्या, खात्यावरचे पैसे आणि प्रवासभाड्याचं विचारा, सुटकेचा दाखला लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा.

रात्री सुटलो आणि जायला जागाच नाही, तर?

सुटका बऱ्याचदा संध्याकाळी होते, हे धरूनच चाला. महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात, फुकट, रात्रीही प्रवेश मिळायला हवा. कागद नाहीत म्हणून परत पाठवलं तर केअरटेकरला सुटकेचा दाखला दाखवा, ओळख म्हणून तो पुरतो असं ठामपणे सांगा. बायकांसाठी वन स्टॉप सेंटर आणि शक्ती सदन आहेत, शक्ती सदन म्हणजे पूर्वीचं स्वाधार आणि उज्ज्वला एकत्र करून केलेलं, १८१ वरून पत्ता मिळतो. स्टेशनवर झोपायची वेळ आलीच तर निदान जुन्या ग्रुपच्या पोरांना फोन लावू नका, पहिल्या रात्रीची ती मदत फार महाग पडते हे सुटलेले लोकच सांगतात.

भाड्याने खोली शोधताना सांगावं का की मी जेलमध्ये होतो? पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये कळणारच ना?

सुटलेल्या माणसाला घर द्यायचं नाही असा कायदा नाही, आणि मालकाने नाही म्हटलं तर त्याला भाग पाडणाराही नाही. व्हेरिफिकेशन म्हणजे मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं, पोलिसांची परवानगी घेणं नव्हे, हे मालकालाही माहीत नसतं. केस संपून निर्दोष सुटला असाल तर निकालाची कॉपी जवळ ठेवा आणि विचारलं तर दाखवा. शिक्षा भोगून आला असाल तर माझा सल्ला, मालक सरळ विचारत असेल तर खोटं बोलू नका, कारण दोन महिन्यांनी कळलं की खोली जाते आणि डिपॉझिटवरून भांडण वेगळं. ओळखीने जा. कामाचा मुकादम, मंदिर-मशीद-बुद्धविहारातली माणसं, गावचा कोणी, ज्याच्या शब्दावर मालक विश्वास ठेवेल असा एक माणूस दहा ब्रोकरांपेक्षा बरा. सुरुवातीला शेअरिंगमध्ये कॉटबेसिसवर राहावं लागलं तरी चालेल, पण भाड्याची पावती तिथूनच जमवायला लागा.

भाऊ म्हणतात तू आत गेलास, वडिलांच्या घरातला तुझा हक्क संपला.

चूक. शिक्षेमुळे वारसा जात नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ फक्त एवढं म्हणतं की ज्याचा खून केला त्याची, किंवा जिचा वारसा मिळावा म्हणून खून केला ती मालमत्ता खुन्याला मिळत नाही. तुमच्या मागे सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर वारसनोंद झाली असेल तर उतारा काढून बघा, नाव वगळलं असेल तर हरकत आणि अपील करता येतं. आत असताना हक्कसोड पत्रावर सही घेतली असेल तर ती कुठे, कोणासमोर झाली ते वकिलाला नीट सांगा, घरी आणलेल्या साध्या स्टॅम्पपेपरवरची सही आणि नोंदणी झालेला दस्त यात खूप फरक आहे.

रेशन कार्ड, आधार, मतदार यादी, सगळीकडून नाव गेलंय. सुरुवात कुठून?

आधी आधार, कारण बाकी सगळं त्यावर चालतं. नंबर आठवत नसेल तरी अंगठ्यावरून सापडतो, केंद्रावर जा. मोबाईल नंबर नवीन जोडा. मग रेशन कार्डात कुटुंबासोबत नाव परत घालायचा अर्ज. मतदार यादीबाबत, आत असताना मत देता येत नाही पण त्यामुळे यादीतलं नाव कायद्याने निघत नाही, आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हेही आहे की तुरुंगात असल्यामुळे तुरुंग हा तुमचा राहण्याचा पत्ता ठरत नाही. सर्व्हेवाल्याने स्थलांतरित म्हणून नाव काढलं असेल तर फॉर्म ६ भरा. घरमालक पत्त्याचा पुरावा द्यायला तयार नसेल आणि निवारा केंद्रात राहत असाल तर केंद्राच्या लेटरहेडवर राहत असल्याचा दाखला मागा, बँक खातं उघडायला जाताना तोही सोबत न्या.